कार्डामागचा टोल-फ्री नंबर परदेशातून लागतच नाही. काय करावं?

चालतीबोलती

मंडळी, काल रात्रीपासून डोकं फिरलंय. दोन आठवड्यांसाठी परदेशी आलेय. काल हॉटेलचं बिल भरताना कार्ड ब्लॉक झालं. लगेच बँकेचा मेसेज: 'व्यवहार संशयास्पद वाटल्याने थांबवला आहे. कार्डामागील क्रमांकावर त्वरित संपर्क साधा.' अहो, व्यवहार मीच करत होते! पण हे सांगायलाही फोनच करायला हवा, आणि कार्डामागे नंबर एकच, १८०० वाला.

नुसता लावला तर कुणी बाई इथल्या भाषेत काहीतरी सांगते आणि फोन बंद. देशाचा कोड जोडून लावला तर तीनदा टुक टुक टुक, मग शांतता. अधिकच्या चिन्हाऐवजी ०० लावून तेच. काउंटरवरच्या मुलाला हॉटेलच्या फोनवरून लावायला सांगितलं, त्यानेही तीनदा प्रयत्न करून हात टेकले.

बँकेच्या अॅपमध्ये 'आमच्याशी बोला' असं बटण आहे. ते दाबलं की तोच नंबर डायल होतो. चॅटमध्ये जो कोणी यंत्रमानव बसलाय तो म्हणतो, अधिक मदतीसाठी फोन करा, खाली तोच नंबर. ईमेल केला, त्याच्या उत्तरातही तोच.

मी फुकट मागतच नाहीये हो. घ्या माझे पैसे, पण फोन लावू द्या! आणि रोमिंगवर सिम तर माझंच आहे, तरी का लागत नाही?

तारखांब

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हयात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

टोल-फ्री नंबर हा मुळात फोन नसतोच. त्याच्या टोकाला कुठलीही लाइन नाही. देशातल्या नेटवर्कला तो नंबर दिसला की ते एका यादीत बघतं, की याचा कॉल आत्ता कुठल्या खऱ्या नंबरावर पाठवायचा. दिवसा एका शहरातलं कॉल सेंटर, रात्री दुसऱ्या. म्हणून तर त्याला गावाचा कोड नसतो. ही यादी झाली देशातल्या देशातली, बाहेरच्या कंपनीला तिचा उपयोग नाही.

दुसरी गोम पैशांची. इथे बिल फोन करणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. परदेशी कंपनीने कॉल सीमेपर्यंत आणला तर तिला पैसे कोण देणार? तसा करार नसेल तर ती कॉल पुढे नेतच नाही. तुम्ही पैसे द्यायला तयार आहात, हे तिला कळायची सोय नाही. आणि रोमिंगमध्ये सिम तुमचं असलं तरी कॉल बहुधा तिथल्याच नेटवर्कमधून निघतो.

सगळीकडे सारखंच असतं असंही नाही. अमेरिकेतले ८००, ८८८ वगैरे नंबर बाहेरून पुष्कळदा लागतात, फक्त फुकट पडत नाहीत. ब्रिटनमध्ये २००७ मध्ये ०३ ने सुरू होणारे नंबर आले. तेही कुठल्या गावाचे नाहीत, पण दर साध्या ०१-०२ नंबरांइतकाच ठेवायचा नियम आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जगभरासाठी टोल-फ्री नंबरही काढले: +८०० आणि पुढे आठ आकडे, देशाचा कोड नाहीच. पण ज्या देशातल्या टेलिफोन कंपन्या ते चालवतात तिथूनच ते लागतात.

पायाला_भिंगरी

गावाचा कोड असलेला, साधा लँडलाइनसारखा नंबर शोधा. असतो, नुसता लपवलेला असतो. पण सर्च इंजिनात 'अमुक बँक कस्टमर केअर' असं टाकून येईल त्या नंबरावर फोन करू नका. तिथे भामट्यांचे नंबर हमखास असतात आणि ते मात्र पहिल्या रिंगला उचलतात. बँकेच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करून तिथलाच नंबर घ्या.

व्हिसा आणि मास्टरकार्डचे स्वतःचे मदत क्रमांक आहेत, बाहेरून लागणारे. कार्ड हरवलं तर फार उपयोगी. तुमच्या बाबतीत मात्र ब्लॉक काढणं बँकेच्याच हाती.

सिमवर वायफाय कॉलिंग चालू होत असेल तर तेही करून बघा. काही कंपन्या परदेशातूनही चालू ठेवतात आणि कॉल घरूनच केल्यासारखा जातो. पूर्वी मी स्काइप वापरायचो, त्यावरून काही देशांचे टोल-फ्री नंबर फुकट लागायचे. ते दुकान मे २०२५ मध्ये बंद झालं.

शंकेखोर

आणि नंबरात अक्षरं असली तर? एका विमान कंपनीचा नंबर म्हणून नुसता इंग्रजी शब्दच छापला होता. कीपॅडवर एकेक अक्षर शोधत बसलो, ७ वर चार अक्षरं, ९ वर चार. लागला तेव्हा कळलं, कचेरी सुटली.

चालतीबोलती

लागला!! भिंगरी, तुमचे आभार. आधी इंटरनेटवरून फोन करणाऱ्या एका अॅपने लावला. 'मराठीसाठी दोन दाबा' म्हणे. दाबले. 'आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही.' पाच वेळा दाबले, पाचही वेळा हेच.

तारखांब

कळ दाबल्यावर जाणारा सूर बोलण्याच्या आवाजाबरोबर दाबून पाठवला की कधी कधी पार बिघडतो. यंत्राला तो ओळखूच येत नाही.

चालतीबोलती

असेल. मग सरळ रोमिंगवरून लावला, होऊ दे खर्च. सव्वीस मिनिटं सनई ऐकली. मग एक मुलगा आला, जन्मतारीख विचारली आणि म्हणाला, मॅडम, शेवटचा व्यवहार सांगा. म्हटलं, शेवटचा तोच, जो तुम्ही होऊ दिला नाहीत. तो हसला बिचारा आणि दोन मिनिटांत ब्लॉक काढला.

हा नंबर कार्डामागे का छापत नाही, विचारलं. म्हणाला, वेबसाइटवर आहे की. आहे खरा, 'परदेशस्थ ग्राहक' या पानाच्या तळाशी. मी दोन आठवड्यांची पाहुणी, मी त्या पानावर कशाला जाईन?