कृतज्ञता निबंध वाचून शिकवता येते का? सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी एक प्रस्ताव

मूळ लेख : सातवीच्या बाई, नागपूर

सहावी ते आठवीच्या मुलांना कृतज्ञता शिकवावी, याबद्दल आपल्या शहरातील शिक्षकांत आणि पालकांत फारसे दुमत आढळत नाही; वाद आहे तो ती कशी शिकवावी याबद्दल. बहुतेक शाळांत परिपाठात सुविचार वाचला जातो, शिक्षकदिनी फुले दिली जातात आणि ‘माझ्यावर उपकार करणारी माणसे’ अशा विषयावर दहा ओळी लिहून घेतल्या जातात. त्या दहा ओळींचे गठ्ठे मी तपासत आले आहे. ‘आई-वडिलांनी जन्म दिला, गुरुजनांनी ज्ञान दिले, मी त्यांचा सदैव ऋणी राहीन’ ही वाक्ये एका वहीतून दुसऱ्या वहीत जशीच्या तशी जातात. ती खोटी नसतात, मात्र त्यांत कोणतेही एक माणूस दिसत नाही. म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की, मुलांना लिहायला बसवण्याआधी वाचायला द्यावे, आणि तेही कोणीतरी आपल्या आयुष्यातील खऱ्या माणसाबद्दल लिहिलेला लेख, आठवण, व्यक्तिचित्र किंवा आत्मकथनाचा उतारा द्यावा.

या विषयावर अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेफ्री फ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरेच काम केले आहे. सहावी-सातवीच्या २२१ विद्यार्थ्यांवरील त्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाने दोन आठवडे रोज, आपल्याला कशाबद्दल कृतज्ञ वाटते याची यादी केली, आणि रोजच्या त्रासांची यादी करणाऱ्या गटाच्या तुलनेत ही मुले अधिक समाधानी व आशावादी आढळली. मला मात्र त्यांचाच २०१४ चा अभ्यास जास्त उपयोगाचा वाटतो. त्यात आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना मिळालेल्या मदतीकडे तीन अंगांनी पाहायला शिकवले होते: देणाऱ्याने ती जाणूनबुजून दिली का, त्यासाठी त्याला काय सोसावे लागले, आणि घेणाऱ्याला तिचा काय उपयोग झाला. हे तीन प्रश्न कोणत्याही चांगल्या व्यक्तिचित्राला विचारता येतात, आणि त्यांची उत्तरे मजकुरातच शोधावी लागत असल्यामुळे मुले परिच्छेद पुन्हा वाचतात, जे एरवी ती सहसा करत नाहीत.

आठवीसाठी मी मुक्ता साळवे यांचा निबंध सुचवीन. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील या विद्यार्थिनीने मांग आणि महार समाजाच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला, तेव्हा ती साधारण आपल्या आठवीच्या मुलींच्याच वयाची होती. त्यात पेशवाईतील छळाचे थरकाप उडवणारे वर्णन आहे, वेद जर केवळ ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असा बिनतोड सवाल आहे, आणि त्याच निबंधात तो छळ थांबल्याबद्दल समाधानही नोंदवलेले आहे. आभार मानायचे म्हणजे तक्रार गिळायची, हा समज मोडायला माझ्या माहितीत याहून चांगला मजकूर नाही.

एका मुलाचे उदाहरण देते. असे दोन लेख वाचून झाल्यावर त्याने शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींवर लिहिले. सगळ्यांना वाढून झाले की त्या पातेल्याच्या तळाची खरवड उलथण्याने सोडवून त्याच्यासाठी ताटलीखाली झाकून ठेवतात, कारण त्याला ती आवडते हे त्यांनी कधीतरी ऐकले होते. ‘सदैव ऋणी’ हे शब्द त्या लेखात कोठेही नव्हते.

प्रतिसाद १ : अंबाझरीकाठचा पालक

बाई, आपली तळमळ पोहोचली, पण मूळ कल्पनेलाच माझा विरोध आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार आठवीपर्यंतच्या मुलांचे शाळेतील जेवण हा त्यांचा हक्क आहे. हक्काच्या घासाबद्दल कृतज्ञता वाटायला शिकवणे ही गरिबाच्या मुलाला लहानपणीच मान खाली घालायला शिकवण्याची सभ्य रीत आहे, मग ती निबंध वाचून शिकवा की सुविचार लिहून. ज्यांच्या घरी सगळे आहे त्यांच्या मुलांना हा धडा द्या. ज्यांना हक्कासाठीही रांगेत उभे राहावे लागते त्यांना तो कशासाठी?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून आमच्या वस्तीत पाणी शिरले. नंतर एका शाळेने मुलांकडून बचाव पथकांचे आभार मानणारी पत्रे लिहून घेतली. माझ्या मुलीनेही लिहिले, मनापासून लिहिले, कारण शेजारच्या आजींना नावेत उतरवताना तिने पाहिले होते. पण पाणी घरात का आले, हे विचारणारे पत्र लिहा असे तिला कोणी सांगितले नाही. आपल्या शाळांना कृतज्ञता हवीशी वाटते ती बहुधा याच कारणाने, की ती प्रश्न विचारत नाही.

आणखी एक गोष्ट. २००८ च्या ज्या अभ्यासाचा आपण दाखला दिलात, त्यातील तुलना त्रासांची यादी करणाऱ्या मुलांशी आहे. दोन आठवडे रोज स्वतःचे त्रास मोजणाऱ्यापेक्षा दुसरे कोणीही आनंदीच दिसणार.

प्रतिसाद २ : निवृत्त मुख्याध्यापक, महाल

माझी हरकत अधिक व्यवहारी आहे. आपल्याकडे कोणताही उतारा वर्गात आला की त्याखाली स्वाध्याय येतो, स्वाध्यायामागून मार्गदर्शक येते आणि मार्गदर्शकात उत्तर तयार असते. देणाऱ्याने काय सोसले, हा प्रश्न पहिल्या वर्षी सुंदर वाटेल. तिसऱ्या वर्षी तो तीन गुणांचा होईल आणि अख्खा वर्ग ‘अपार कष्ट सोसले’ असे लिहील. शिवाय मुक्ताबाईंच्या निबंधाबद्दल एक सावधगिरी हवी. त्यात इंग्रजी राज्याला श्रेय दिलेले आहे. तिच्या जागी ते का योग्य होते, हे समजावण्यासाठी इतिहासाचे चार तास हवेत, आणि तेवढा अवकाश मराठीच्या शिक्षकाला कोणी देत नाही. घाईने वाचला तर मुले त्या निबंधातून भलतेच काही उचलतील.

सातवीच्या बाई

सर, गुणांची भीती मला पूर्ण मान्य आहे. हे वाचन मूल्यमापनाबाहेर ठेवले नाही तर ते करूच नये, असे मी म्हणेन. इतिहासाच्या चार तासांविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. छळ थांबवणाऱ्याचे आभार मानले म्हणजे त्याचे सगळेच राज्य पसंत केले असे होते का, हा प्रश्न आठवीतली मुले आपणहून विचारतात, आणि त्यावर ती आपल्यापेक्षा कमी संकोचाने बोलतात.

अंबाझरीकाठच्या दादांना सांगते, आपली शंका या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची आहे. पण त्या मुलाने आभार जेवणाचे मानलेले नव्हते. जेवण कायद्याने मिळते. खरवड झाकून ठेवावी असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. हक्क आणि आपुलकी यांतला हा फरक मुलाला कळला तो तीन प्रश्नांमुळे, आणि तिसऱ्यापेक्षा दुसऱ्या प्रश्नामुळे जास्त. मावशींना काय सोसावे लागते हे शोधताना त्याला समजले की त्यांना वर्षातील दहाच महिन्यांचे मानधन मिळते. त्याच्या दुसऱ्या खर्ड्यात एक ओळ वाढली: मे महिन्यात मावशींच्या घरी चूल कशावर पेटते? हा प्रश्न मी त्याला सुचवलेला नव्हता. पुराच्या वेळी त्या शाळेने पत्र एकाच बाजूचे लिहून घेतले, हा दोष त्या शाळेचा आहे. आजींना नावेत उतरवणाऱ्याबद्दल आपल्या लेकीला जे वाटले त्याचा नाही.

प्रतिसाद ३ : गोंदिया पॅसेंजर

वाचनाने हे होईल यावर माझा विश्वास नाही. आमच्या गावी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळद लावून शेकतात आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे त्यांच्या कानात सांगतात. जू घासून खांद्याची कातडी कशी निबर होते, हे ज्याच्या बोटांना कळले त्याला निबंधाची गरज पडत नाही. आणि अंबाझरीच्या भाऊंनी हेही ध्यानात घ्यावे की पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी याच नागपुरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे टीकेच्या पुतळ्यांवर, महागाईपासून खड्ड्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो, आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून अख्खे शहर ओरडते. एक दिवस आभाराचा, दुसरा गाऱ्हाण्याचा. आपल्याकडे ही सोय आधीपासून आहे.

प्रतिसाद ४ : सहावी ब, मानेवाडा

पॅसेंजर साहेब, आपण म्हणता ते गावाकडे खरे आहे. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांचा पोळा म्हणजे तान्हा पोळा, म्हणजे चाकांचा लाकडी बैल, नवे कपडे आणि घरोघरी मिळणारा बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे. खरा बैल त्यांनी हात लावण्याइतका जवळून पाहिलेला नाही. त्यांच्यासाठी तो निबर खांदा कोणीतरी लिहून ठेवलेलाच असावा लागतो. आपण वर जी दोन वाक्ये लिहिलीत, तेवढीदेखील मी उद्या वर्गात वाचून दाखवू शकेन. बाईंच्या मुद्द्याला आपण विरोध करता करता हातभारच लावलात!

अंबाझरीकाठचा पालक

मे महिन्याची ओळ वाचून मी थोडा थांबलो, हे कबूल करतो. तरीही माझी हरकत मी मागे घेत नाही, कारण तो मुलगा तिथवर पोहोचला याचे श्रेय बाईंच्या वर्गाला आहे, निबंधाला किती आहे हे सांगता येत नाही, आणि प्रत्येक शाळेत अशा बाई नसतात. हा उपक्रम आमच्या शाळेत आलाच तर माझी एकच अट राहील. मुलांनी लिहिलेले लेख परिपाठात, मावशींना समोर उभे करून वाचू नयेत. लेख ज्याच्याबद्दल आहे त्याच्या हाती मुलाने स्वतः नेऊन द्यावा, आणि वाचता येत नसेल तर बाजूला बसून वाचून दाखवावा. मुख्याध्यापक, पाहुणे आणि छायाचित्रकार यांचे त्या वेळी तिथे काही काम नाही.

सातवीच्या बाई

अट मान्य. त्या मुलाचा लेख अजून दिलेला नाही. मे महिन्याची ओळ ठेवावी की काढावी, यावर त्याचा आणि माझा वाद चालू आहे. ती वाचून मावशींना वाईट वाटेल असे त्याला वाटते, मला ती हवी आहे.