२०११ ची सेनव्हॅटची नोटीस, ऑर्डर कधी आलीच नाही, आणि आता सुनावणीचं पत्र. काय करावं?

पाइपवाली, हिंगणघाट तालुका

नमस्कार. आमचा पीव्हीसी पाइपचा लहान कारखाना आहे, वणा नदीपासून कोसभर आत. विहिरीला, बोअरला लागणारे पाइप काढतो. कारखाना मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी उभा केला. मी २००७ मध्ये लग्न होऊन आले आणि पुढच्याच वर्षी हिशेबाला बसले. त्यामुळे हे प्रकरण पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

२००८-०९ मध्ये आम्ही दुसरा एक्स्ट्रूडर, म्हणजे पाइप काढायचं यंत्र, बसवला. मिक्सरचा प्लॅटफॉर्म, हॉपरचा स्टँड आणि गार पाण्याची टाकी इथंच मिस्त्री लावून तयार करून घेतली. अँगल, चॅनल, प्लेटा नागपूरहून आल्या, पायासाठी थोडं सिमेंटही घेतलं. या सगळ्यावर भरलेल्या एक्साइजचं, म्हणजे उत्पादन शुल्काचं, सेनव्हॅट क्रेडिट घेतलं, म्हणजे ते आमच्या मालावरच्या शुल्कातून वळतं केलं, ४,८२,६०० रुपये. रिटर्नमध्ये रीतसर दाखवलं. पुढं ऑडिटवाले आले आणि म्हणाले की हे बांधकामाचं साहित्य आहे, क्रेडिट बसत नाही. मामाजींनी 'अंडर प्रोटेस्ट' (हरकत कायम ठेवून) असं लिहून पूर्ण रक्कम रिव्हर्स केली, म्हणजे क्रेडिट परत दिलं, निदान व्याज तरी वाढू नये म्हणून. मार्च २०११ मध्ये नोटीस आली. क्रेडिट नामंजूर का करू नये, व्याज का लावू नये, तेवढाच दंड का करू नये. शिवाय आम्ही माहिती लपवली, असंही त्यात होतं. मामाजींना सगळ्यात जास्त तेच लागलं होतं.

आम्ही उत्तर दिलं. २०१२ मध्ये सुनावणी झाली. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, ऑर्डर पाठवतो म्हणाले, आणि त्यांची बदली झाली. २०१४ मध्ये नव्या साहेबांपुढं पुन्हा तीच सुनावणी, तेच कागद. पुन्हा ऑर्डर नाही. त्यानंतर तिकडून एक ओळ आली नाही. मामाजी दरवर्षी दिवाळीआधी एक पत्र घेऊन स्वतः जायचे, 'कृपया निर्णय कळवावा'. सहा पत्रांवर पोचेचा शिक्का आहे. घरी आले की पत्राची प्रत फायलीत लावायचे आणि म्हणायचे, "हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण म्हणा."

२०१९ मध्ये सबका विश्वास योजना, म्हणजे जुने करवाद काही रक्कम भरून मिटवायची सरकारी योजना, आली तेव्हा आमच्या वकिलांनी सुचवलं होतं. पण ५० लाखांच्या आतल्या प्रकरणात ७० टक्के माफी असली तरी आधी भरलेलं जास्तीचं परत मिळत नव्हतं. आमचे तर सगळेच आधीच गेलेले. योजना घेतली असती तर दंड-व्याज सुटलं असतं, पण ४,८२,६०० वर कायमचं पाणी. मामाजी नाही म्हणाले. २०२२ च्या उन्हाळ्यात ते गेले.

आता या वर्षी तान्ह्या पोळ्याला पोरगं लाकडी बैल घेऊन अंगणात उभं, मी त्याच्या बैलाला झूल बांधत होते, आणि पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. 'सदर प्रकरण कॉल बुकमधून काढण्यात आले असून' तीन आठवड्यांनी सुनावणी. कॉल बुक हा शब्द आम्ही पहिल्यांदा वाचला.

पेटी उघडली. इनव्हॉइसच्या 'डुप्लिकेट फॉर ट्रान्सपोर्टर' प्रती कार्बनच्या, निम्म्या पुसट. नोंदवहीचा एक कोपरा वाळवीनं खाल्ला. धर्मकाट्याच्या पावत्या तर कोऱ्याच झाल्यात, उजेडात तिरप्या धरल्या तरी वजन दिसत नाही. ज्यांनी माल उतरवून घेतला, सही केली, ते मामाजीच नाहीत. चौदा वर्षांनी मी कोणाला साक्षीला नेऊ? इतक्या उशिरानं चालवता येतं का हे? आणि निकाल आमच्या बाजूनं लागला तर पैसे कुठून मिळणार, एक्साइजच्या क्रेडिटचं खातंच आता राहिलं नाही.

करसल्लागार, यवतमाळ

ताई, आधी महत्त्वाचं. सुनावणी चुकवू नका. 'इतका उशीर झाला, आता काय होतंय' म्हणून घरी बसलेल्यांचे एकतर्फी आदेश मी पाहिलेत. नंतर ते निस्तरायला फार जड जातं.

उशिराबद्दल. एक्साइज कायद्याच्या कलम ११ए मध्ये साध्या नोटिशीचा निर्णय 'शक्य असेल तिथे' सहा महिन्यांत द्यावा असं आहे. लपवाछपवीच्या आरोपाला मुदत जास्त, पण ती चौदा वर्षं खचितच नाही. 'शक्य असेल तिथे' या तीन शब्दांच्या आडोशानं फायली पडून राहतात. मात्र मुंबई उच्च न्यायालयानं हा आडोसा बऱ्याचदा काढून घेतलाय. रेमंडच्या प्रकरणात २०१९ मध्ये, आणि पार्ले इंटरनॅशनलच्या प्रकरणात २०२० मध्ये. पार्लेच्या नोटिसा २००६ च्या होत्या, न कळवता कॉल बुकात, म्हणजे निर्णय तूर्त थांबवलेल्या प्रकरणांच्या यादीत, ठेवलेल्या. त्या रद्द झाल्या. कारण तुमचंच आहे. इतक्या वर्षांनी माणूस पुरावा जपून ठेवेल ही अपेक्षाच अन्यायाची. आपल्यासाठी नागपूर खंडपीठ त्याच न्यायालयाचं, त्यामुळे हे निकाल थेट कामाचे आहेत.

कॉल बुकात प्रकरण टाकलं तर पक्षकाराला कळवायचं, असं एक्साइज बोर्डाच्या १० मार्च २०१७ च्या मास्टर परिपत्रकात आहे. तुम्हाला कळवलं नसेल तर तुमची बाजू भक्कम. पण कधीतरी तुमच्या वकिलानंच 'अमुक निकाल येईपर्यंत थांबा' असं लिहून दिलं असेल तर हा मुद्दा बराच लंगडा होतो. फाईल त्या नजरेनं एकदा पूर्ण चाळा.

सुनावणीत लेखी द्या, पहिला आक्षेप उशिराचा. त्याच्या खाली मूळ मुद्दा, तोही सोडू नका. तुमची खरेदी ७ जुलै २००९ च्या आधीची आहे. यंत्राच्या आधारासाठी लागणारे अँगल, चॅनल, सिमेंट वगळणारं स्पष्टीकरण नियमात त्या दिवशी आलं. ते मागच्या काळालाही लागू, असं एक्साइजचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या मोठ्या पीठानं २०१० मध्ये वंदना ग्लोबलमध्ये म्हटलं, आणि तुमची नोटीस त्याच्याच पाठोपाठची. पण गुजरात उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये मुंद्रा पोर्टच्या प्रकरणात ते मानलं नाही, आणि २०१८ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयानं वंदना ग्लोबलचाच तो निकाल फिरवला. शिवाय राजस्थान स्पिनिंगचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. चिमणीसाठी वापरलेल्या प्लेटा आणि चॅनलचं क्रेडिट तिथं मान्य झालं. वस्तू कशासाठी वापरली हे पाहायचं. हॉपर, टाकी, प्लॅटफॉर्म यावर मी जोर देईन. पायाच्या सिमेंटचं जरा अवघड आहे, ते तुमच्यापासून लपवत नाही.

पैशाचं असं की जीएसटी कायद्याच्या कलम १४२ नुसार जुन्या कायद्यातलं क्रेडिट मान्य झालं तर ते रोखीनं परत मिळतं. खातं बंद झालं म्हणून हक्क बुडत नाही. आदेश विरोधात गेलाच तर हातात पडल्यापासून ६० दिवसांत अपील. त्यावर जास्तीत जास्त ३० दिवस, तेही कारण पटलं तर. अपिलाआधी भरायचे साडेसात टक्के तुमच्या आधीच्या रकमेतून धरा, असं सांगा.

पत्र्याचं काम, वणी

ताई, वाचून मले माहा बाप आठवला. आमची नोटीस २००९ ची होती. आमी काहीच भरलं नोतं, म्हणून २०१९ च्या योजनेत तीस टक्के भरून मोकळे झालो. वकील म्हणे लढा, जिंकसान. पण बापाची बायपास झाली होती अन् त्याईले दर महिन्याले नागपूरच्या चकरा जमत नोत्या. बरोबर होतो तरी भरले. आजही वाटते, निकाल वेळेवर लागला असता त भरावं लागलं नसतं. तुमच्या मामाजींनी धरून ठेवलं, चांगलं केलं. माल लावणारा वेल्डर जिता असन त त्याले शोधा. आमच्याइकडं कागद गेला तरी माणूस सापडते.

निवृत्त निरीक्षक, वर्धा

मी याच खात्यात ३१ वर्षं काढली, म्हणून लिहितो. फायली मुद्दाम दाबून ठेवल्या जातात असं बाहेर वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. ऑडिटचा आक्षेप वर अडकलेला असतो, किंवा तशाच मुद्द्यावर खात्याचं अपील चालू असतं, म्हणून फाईल कॉल बुकात जाते. मग मूळ कारण संपतं तरी तिला बाहेर काढायचं कोणाच्या ध्यानात राहत नाही. जो साहेब येतो तो नव्या नोटिसांच्या मागं. पण याचा भुर्दंड करदात्यानं का सोसावा, याचं उत्तर मला नोकरीत असतानाही देता येत नव्हतं.

माहिती अधिकारात अर्ज टाका. प्रकरण कॉल बुकात कोणत्या तारखेला गेलं, कोणत्या कारणानं गेलं, ते कारण कधी संपलं, तुम्हाला कळवल्याच्या पत्राची प्रत आणि ते पाठवल्याचा पुरावा. एवढंच मागा, लांबलचक प्रश्न विचारू नका. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सुनावणी त्याआधी येते, म्हणून अर्जाची प्रत जोडून त्या दिवशी पुढची तारीख मागा. आणि मामाजींची ती सहा पत्रं. शिक्क्यासकट त्यांच्या प्रती सगळ्यात वर लावा. पक्षकार गप्प बसला होता, असं मग कोणालाच म्हणता येणार नाही.

तो स्टँड, ती टाकी अजून जागेवर आहे का? असेल तर चार्टर्ड इंजिनिअरकडून वजनासह दाखला घ्या. कागद पुसट झाला तरी लोखंड मोजता येतं.

पाइपवाली, हिंगणघाट तालुका

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. वणीचे भाऊ, तुमच्या वडिलांचं वाचून डोळे भरले.

फाईल रात्री पूर्ण चाळली. थांबा असं आमच्याकडून कुठंही लिहून गेलेलं नाही. कॉल बुकाबद्दलचं पत्रही नाही. स्टँड आणि टाकी दोन्ही आहेत, रोज चालू आहेत. सकाळी शिडी लावून प्लॅटफॉर्मखाली पाहिलं. एका चॅनलवर रंगाच्या खाली मिस्त्रीनं छिन्नीनं कोरलेलं माप आणि '०८' अजून वाचता येतं. फोटो काढलेत. मिस्त्री सध्या जामला मुलाकडं असतो असं कळलं, त्याला रविवारी भेटायला जाते. माहिती अधिकाराच्या अर्जासाठी पोस्टल ऑर्डर उद्याच घेते.

करसल्लागार, यवतमाळ

फोटोत माप आणि वर्ष दोन्ही एकत्र दिसतील असं पाहा. आणि इंजिनिअर येईल तेव्हा त्याला तो चॅनल आवर्जून दाखवा, दाखल्यात त्याचा उल्लेख यायला हवा.