फळी अखंड असली तरी काम सोपं नसतं
झाडाची कड तशीच ठेवून फळीला चार लोखंडी पाय ठोकले की झालं टेबल, त्यात कसली आलीय सुतारकी, हे म्हणणं मला अर्धंच पटतंय. तसली घाईची टेबलं बेळगावातपण दिसतात, पण रुंद अखंड फळी नीट सांभाळणं लई अवघड, कारण लाकूड रुंदीत पावसाळ्यात फुगतंय आणि उन्हाळ्यात आकसतंय, लांबीत जवळजवळ नाहीच. खानापूरहून आणलेली फणसाची अडीच इंची फळी मी पायांना स्क्रूनं घट्ट आवळली, मार्चमध्ये मधोमध फाटली, नख आत जाईल एवढी.

मग आमच्या गल्लीतल्या सुतारमामांनी भेगेवर आडवा, डमरूच्या आकाराचा शिसमाचा तुकडा पटाशीनं खाच कोरून असा बसवला की कडेनं कागदसुद्धा जात नाही, आणि स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट केली, फळीला हलायला जागा पाहिजे म्हणून. जॉर्ज नाकाशिमा या जपानी वंशाच्या अमेरिकन सुतार-डिझायनरच्या टेबलांवर हेच डमरू दिसतात, आणि त्यांनी १९६४ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊन फर्निचर डिझाइन केलं होतं. त्यांच्या कामाला बारीक सुतारकाम म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? आमची भेग दोन पावसाळे झाले, तिथंच थांबलीय.