भूजलाला कुझनेट्स वक्र लागू पडत नाही

'उत्पन्न वाढलं की प्रदूषण आधी वाढतं, मग घटतं' असं सांगणारा कुझनेट्स वक्र सल्फर डायऑक्साइडसारख्या प्रदूषकांबाबत काही अंशी खरा ठरतो, कारण ती हवा श्रीमंतांच्याही नाकात जाते. भूजलाचं तसं नाही.

मराठवाड्यातला बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण घ्या. झिजलेल्या थरातून निथळून मिळणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्केच. २ टक्के धरले, तर सगळ्या क्षेत्रावर १०० मिमी उंचीचा थर होईल इतकं पाणी उपसलं की भूजलाची पातळी ५ मीटर उतरते! त्यात वीजबिल अश्वशक्तीवर ठरत असेल तर पंप जादा तास चालवायला काहीच जादा खर्च पडत नाही. पैसेवाला बोअर खोल नेतो, ऊस जगवतो. शेजारची ४०-५० फुटी विहीर आटते. मग तो शेजारी कर्ज काढून बोअर मारतो, नाहीतर ऊसतोडीला जातो. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्यात विहिरीच्या खोलीला ६० मीटरची (सुमारे २०० फूट) मर्यादा आहे, तरी ३००-४०० फुटी बोअर सर्रास घेतले जातात.

नुसतं ठिबकला अनुदान दिल्याने भागत नाही. वाचलेलं पाणी त्याच मालकाच्या वाढीव क्षेत्रावर खर्ची पडतं. आधी उपशावर मर्यादा हवी, मग ठिबक. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, ती याच क्रमाने.