मदत हवी आहे: लॅपटॉप नवीन एसएसडी ओळखत नाही

नमस्कार. मुलीच्या लॅपटॉपमधील एम.२ एसएसडी (माहिती साठवणारी, पट्टीच्या आकाराची ड्राइव्ह) निकामी झाल्याने लॅमिंग्टन रोडवरून त्याच मापाची, म्हणजे २२ मिमी रुंद व ८० मिमी लांब, एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणी-पद्धतीची) एसएसडी आणून बसवली. परंतु ती बायॉसमध्येही (लॅपटॉप सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीतही) दिसत नाही. यूएसबी एन्क्लोजरमध्ये (ड्राइव्ह बाहेरून जोडण्याच्या डबीत) घातल्यावर मात्र ती दुसऱ्या संगणकावर उत्तम चालते. जुन्या एसएसडीच्या जोडणीच्या कडेला दोन खाचा आहेत, नवीनला एकच; आणि दोन खाचा सहसा साटा या जुन्या जोडणी-पद्धतीच्या एसएसडींना असतात. त्यामुळे लॅपटॉपमधील हा स्लॉट (एसएसडी बसवण्याची जागा) केवळ साटासाठी असावा, असा माझा दाट संशय आहे. तथापि काही एनव्हीएमई एसएसडींनाही दोन खाचा असतात, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही. दुकानदार याच आठवड्यात बदलून देण्यास तयार आहे. त्याआधी स्लॉटचा प्रकार खात्रीने कसा ओळखावा, हे कृपया जाणकारांनी सांगावे.