मदत हवी आहे: सेवेला निघायचं आणि गाडीच मिळत नाही. देव 'नको' म्हणतोय का?

नमस्कार. आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती. आजोबा नगरकडून इकडे आले. घरात मराठी टिकून आहे, उपासना मात्र हिंदीत, तेव्हा मध्येच हिंदी शब्द घुसला तर सांभाळून घ्या.

मी निवृत्त शिक्षिका. दौंडजवळ मुलींचं एक छोटं वसतिगृह आहे, तिथे दिवाळीपर्यंत राहून गणित आणि शिवण शिकवायचं ठरलंय. आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, प्रार्थना करून निरोपसुद्धा दिला. आणि मी अजून इथेच! आधी घाटात दरड आली म्हणून गाडी रद्द. मग रुळांचं काम निघालं. नंतर एकदा निघाले ती पुढे पाणी भरलंय म्हणून उज्जैनहूनच परत आले. भरलेल्या बॅगेतून रोज एकेक साडी काढून नेसते आहे.

थोरल्या जाऊबाई म्हणतात, "देवाची इच्छा नाही, कळत कसं नाही तुला?" चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, सैतान अडवतोय, जोराने प्रार्थना करा. दोघेही माझ्यापेक्षा जास्त बायबल वाचलेले. देवावर भरवसा ठेवायचा हे मला मान्यच आहे. पण भरवसा ठेवून तिकीट काढायचं, की भरवसा ठेवून घरी बसायचं? असं कुणाच्या बाबतीत झालं असेल तर सांगा.

दौंडकर: ताई, आधी रस्ता सांगतो. इंदूर–दौंड गाडी बडोदा, वसई, कल्याण करत लोणावळ्याच्या घाटातून येते. पावसाळ्यात तोच घाट नडतो. त्यापेक्षा बसने किंवा टॅक्सीने खंडव्याला जा. तिथून झेलम किंवा गोवा एक्सप्रेस भुसावळ, मनमाड, नगर करत दौंडला येते, तो घाट लागतच नाही. रद्द झालेल्या गाडीच्या ई-तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि जायचं नसेल, तर मात्र ती सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरावा लागतो. हे बरेच जण विसरतात.

माळवी_नास्तिक: जुलैत घाटात दरड कोसळते. त्यात संकेत कसला? सप्टेंबरात जा.

जुनं_पान: दरडीपुरतं नास्तिकांचं बरोबर आहे. पण ताईंचा प्रश्न वेगळा आहे. बायबलमधल्या प्रेषित पौलाचंच बघा. थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना तो पत्रात लिहितो की सैतानाने आम्हाला अडवलं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16 मध्ये आसिया प्रांतात जायला खुद्द पवित्र आत्माच मना करतो, आणि मग त्रोवस शहरात त्याला मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त होतो. रोमला जायला उशीर झाला तो हातातल्या कामामुळे, असं तो रोमकरांना कळवतो. म्हणजे माणूस एकच आणि कारणं तीन. त्यामुळे नुसत्या अडथळ्यावरून जाऊबाईंना काय किंवा पाळकांना काय, निदान करता येणार नाही. मी वेगळं विचारेन: वसतिगृहाला तुमची गरज अजून आहे का? ते अजून बोलावताहेत का? आणि एक बघा. थेस्सलनीकाला स्वतःला जाता येईना तेव्हा पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला पाठवलं. तुमच्याऐवजी आत्ता काय पाठवता येईल?

आशा_बडोदे: इंग्लंडहून भारतात आलेला मिशनरी विल्यम केरी, त्याची गोष्ट अशा वेळी हमखास सांगितली जाते. 1793 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नाही म्हणून त्याला जहाजावरून उतरवलं. त्या खोळंब्यात, आधी यायला नकार देणारी त्याची बायको डोरोथी बहिणीला सोबत घेऊन निघायला तयार झाली. जूनमध्ये डॅनिश जहाज मिळालं आणि नोव्हेंबरात सगळे बंगालला पोचले. 'उशीर झाला म्हणून कुटुंब एकत्र आलं' असं प्रवचनात सांगतात. पण पुढच्याच वर्षी त्यांचा लहान मुलगा तिथे वारला आणि डोरोथीच्या मनाचा तोल कायमचा गेला. म्हणून उशिराला घाईघाईने आशीर्वाद म्हणणं मला जमत नाही. ताई, कंटाळा आलाय, राग आलाय, हे देवाला तसंच सांगा. स्तोत्रांत 'किती काळ, परमेश्वरा?' असं किती वेळा येतं!

धागाकर्ती: सर्वांचे आभार. जुनं पान, तुमचा प्रश्न मी फोन करून थेट वसतिगृहालाच विचारला. तिथल्या बाई म्हणाल्या, शिवण थांबू शकतं, गणित नाही, दहावीच्या मुली अडल्यात. मग उद्यापासून संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर गणित. बीजगणित चालेल, भूमितीला फळा लागेल, बघू. जाऊबाईंना सांगितलं की बोलावणारे अजून बोलावताहेत, तेव्हा मी निघणार. त्या काही बोलल्या नाहीत, पण माझी बॅग पुन्हा भरायला बसल्या.

दौंडकरजी, खंडव्याचं तिकीट काढतेय. दौंडला अपरात्री उतरले तर रिक्षा मिळते का?

दौंडकर: अपरात्री भरवसा नाही. उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात बसा, किंवा वसतिगृहाला कुणालातरी पाठवायला सांगा.