मदत हवी आहे: थाई लोक आपल्याला ‘खॅक’ म्हणतात, ते कसं घ्यायचं?

थाई भाषा येणारं किंवा तिथे राहिलेलं कुणी आहे का इथे? गोऱ्यांना तिथे ‘फरांग’ म्हणतात, आपल्या ‘फिरंगी’चाच भाऊबंद. पेरू या फळालाही तोच शब्द! आपल्याला मात्र ‘खॅक’. खरं तर त्याचा अर्थ पाहुणा, पण भारतीय, अरब, मलय सगळ्यांना सरसकट तोच लावतात. पट्टायात आईसोबत असताना दोन दुकानदार आमच्याकडे बघून आपसात हे म्हणाले आणि मला फार टोचलं. २०२४ मध्ये तिथे साडेतीन कोटी परदेशी पर्यटक आले, त्यांत २० लाखांहून जास्त भारतीय. पर्यटकांवरच ज्यांचं पोट चालतं, ते हा शब्द सहज वापरतात की तुच्छतेने? सूर कसा ओळखायचा? जानेवारीत आईला घेऊन पुन्हा जातेय, म्हणून विचारतेय.